गोलबाजारातली झालर

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी आत्याबरोबर रायपूरच्या गोलबाजारात पणत्या घ्यायला गेले होते. मालवीय रोडच्या बाजूनं आत शिरलं की आपण चालत नाही, गर्दीच नेते. लग्नाचे मौर, पूजेचं सामान, पितळी भांडी, जडीबुटीची पोती, हळदीचे ढीग. आणि दिवाळीच्या आठवड्यात, जिथं बूड टेकायला जागा मिळेल तिथं, खेड्यांतून आलेल्या बाया धानाच्या झालरी घेऊन बसलेल्या.

झालर म्हणजे भाताच्या पिकलेल्या लोंब्यांचं तोरण. गावात कुणी तिला फाता म्हणतं. काड्या एकमेकींत गुंफून वर वेणीसारखी पट्टी विणायची आणि खाली लोंब्या दाण्यांसकट मोकळ्या सोडायच्या. छत्तीसगढात ती दिवाळीला दारावर लागते. नवं धान लक्ष्मीला दाखवायचं आणि चिमण्यांनाही त्यांचा वाटा द्यायचा. मी एक झालर हातात घेऊन बघत होते. काडी चांगली हातभर लांब, पोपटी-पिवळी, वेणीत कुठं गाठ नाही. लोंबीच्या प्रत्येक दाण्याला बारीक कुसळ. मी उगाच विचारलं, हे कुठलं धान? विकणारी बाई माझ्याकडं न बघता म्हणाली, “देसी आय दीदी. सरना के नइ बनय. काड़ी छोटे हे.”

सरना म्हणजे स्वर्णा. आज छत्तीसगढच्या शेतांत मैलोन्‌मैल दिसणाऱ्या वाणांपैकी एक. तिची काडी आखूड, म्हणून तिची झालर विणता येत नाही. आत्या दोन झालरींचा भाव पाडत होती आणि माझ्या डोक्यात ते वाक्य अडकून बसलं. भाताची काडी आखूड का झाली, कुणी केली, हे मला अर्धंमुर्धं माहीत होतं. त्यात वॉशिंग्टन होतं, मनिला होतं, कटक होतं. आणि आम्ही उभ्या होतो तिथून काही मैलांवर, याच शहरात, एक म्हातारा शास्त्रज्ञ होता. त्याचं नाव मराठीत फारसं कुणी घेत नाही. तेव्हाच ठरवलं की हे नीट लिहायचं.

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विमानं येतात, व्हिएतनाम येतो, इराक येतो. आपल्या वाट्याला ते बंदुकीतून आलं नाही. ते पोत्यातून आलं. आमच्या आईच्या पिढीला ‘मिलो’ हा शब्द ठाऊक आहे. दुष्काळात रेशनवर मिळणारी ती अमेरिकन लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही सत्तरीच्या बाईला विचारा. गावंढळ तोंडाला ती गोड लागली नाही असं कुणी म्हणू नये. भुकेल्या माणसानं ती खाल्ली आणि तो जगला. त्या धान्याचे उपकार मी नाकारत नाही. पण ते धान्य दान म्हणून आलेलं नव्हतं.

१९५४ साली अमेरिकेनं ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा केला. तिथल्या शेतकऱ्यांकडं गव्हाचे डोंगर साठले होते. ते परदेशात विकायचे, पैसे त्या-त्या देशाच्या चलनात घ्यायचे आणि त्यातून मित्र जोडायचे, बाजार तयार करायचे, असा तो हिशेब होता. १९५६ मध्ये भारतानं पहिला करार केला. आपल्याला डॉलर द्यावे लागले नाहीत, रुपये द्यावे लागले. ते रुपये भारतातच अमेरिकन खात्यावर साठत गेले, इतके की पुढं १९७४ मध्ये अमेरिकेनं त्यातल्या मोठ्या भागावर पाणी सोडलं. राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारला दिलेला तो धनादेश १,६६४ कोटी रुपयांचा होता. कुणाचं एवढं देणं लागत असताना आपण जेवत होतो, हे आकडा वाचल्यावर कळतं.

खरी परीक्षा १९६५ ते ६७ मध्ये झाली. दोन वर्षं लागोपाठ पाऊस दगा देऊन गेला. १९६६ साली देशानं १ कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आणलं. जहाज बंदराला लागायचं आणि धान्य थेट रेशनच्या रांगेत जायचं, मधे साठा नाहीच. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा असं आवाहन केलं होतं ते याच काळात. आणि नेमक्या याच काळात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार बंद करून महिन्या-महिन्याचा शिधा मंजूर करायला सुरुवात केली. दावं आखूड करायचं, जनावर गोठ्याबाहेर जाणार नाही. भारतानं शेतीचं धोरण बदलावं, खतं आणि नव्या बियाण्यांवर पैसा लावावा, खासगी भांडवलाला वाट द्यावी, या अटी होत्या. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोममध्ये अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन आणि आपले सी. सुब्रमण्यम यांच्यात त्यावर समझोता झाला. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा अशा निवेदनावर सही केली, तेव्हा जॉन्सन संतापले आणि जहाजं आणखी रखडली. गहू आणि व्हिएतनाम एकाच दोरीला बांधलेले होते.

माझी आत्या तेव्हा रायपूरच्या तात्यापाऱ्यात नवी सून होती. रेशनच्या लाल गव्हाचं तिला एवढंच आठवतं की त्यात बारीक काळं बी निघायचं, ते निवडताना डोळे दुखायचे. त्या बियांतूनच गाजरगवत आलं असं महाराष्ट्रात ज्याला-त्याला वाटतं. १९५५ मध्ये पुण्यात ते प्रथम नोंदलं गेलं आणि लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ नाव ठेवलं. रायपूरकडं त्याला ‘चटक चाँदनी’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राचे काही अभ्यासक सांगतात की हे गवत भारतात त्याच्याही आधीपासून होतं. लोकांनी मात्र त्याची नाळ त्या गव्हाशी जोडली ती जोडलीच. नाव ठेवण्याची ही रीत मला महत्त्वाची वाटते. ज्या माणसाला निषेधाचा मोर्चा काढता येत नाही, तो गवताला नाव ठेवतो.

मात्र रायपूरशी अमेरिकेचा संबंध १९६५-६७ च्या त्या टंचाईच्याही आधीचा आहे. १९६०-६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं ‘सघन कृषी जिल्हा कार्यक्रम’ सुरू झाला. लोक त्याला पॅकेज प्रोग्रॅम म्हणत. खत, बी, कर्ज, सल्ला असं एकत्र गाठोडं निवडक जिल्ह्यांत द्यायचं. पहिल्या फेरीत देशभरातून सातच जिल्हे निवडले गेले: तंजावर, पश्चिम गोदावरी, शहाबाद, अलीगढ, लुधियाना, पाली आणि रायपूर. लुधियान्यात गव्हाला पाणी होतं, तिथं यश दिसलं. रायपूरच्या कोरडवाहू धानाला ते गाठोडं तसं मानवलं नाही. इथला शेतकरी पाऊस पडला की फेकून पेरतो, रोपं गुडघ्याला आली की उभ्या पिकात हलका नांगर घालून ती विरळ करतो. याला बियासी म्हणतात. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, हा वेडा आपलंच पीक नांगरतोय. त्या एका कामात तण मरतं, मूळ मोकळं होतं आणि फुटवा वाढतो. जंगली धानाला इकडं करगा म्हणतात. तो ओळखता यावा म्हणून काही ठिकाणी मुद्दाम जांभळ्या पानांचं धान पेरतात. हिरवं दिसेल ते उपटायचं. हे ज्ञान कुठल्या पॅकेजात नव्हतं.

ते ज्याला दिसलं तो माणूस म्हणजे डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया. जन्म १९०९ चा. केंब्रिजची डॉक्टरेट. १९५९ मध्ये ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळच्या लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली, फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकन प्रतिष्ठानांच्या पैशानं. आशियाच्या पोटात भात आहे आणि आशियाच्या डोक्यात कम्युनिझम शिरतोय, ही अमेरिकेची त्या दशकातली चिंता होती. उपाशी शेतकरी लाल झेंडा उचलतो, म्हणून त्याचं पीक वाढवा. नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘आयआर ८’ हे वाण जाहीर झालं. त्याच्या महिनाभर आधी खुद्द जॉन्सन त्या संस्थेच्या शेतात जाऊन आले होते. शास्त्राच्या शेतावर एखादा राष्ट्राध्यक्ष ऐन युद्धात का जातो, याचा विचार करावा. दीड वर्षानंतर, ८ मार्च १९६८ ला, अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख विल्यम गॉड यांनी या सगळ्याला ‘हरित क्रांती’ म्हटलं आणि ती सोव्हिएत पद्धतीची लाल क्रांती नाही हे त्याच दमात सांगितलं. आपण तो शब्द शाळेच्या पुस्तकात शिकलो, पण तो कुणापुढं उभा केलेला होता हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आयआर ८ चं वैशिष्ट्य त्याची उंची. एका चिनी वाणातून आलेला बुटकेपणा त्यात होता. उंच देशी धानाला भरपूर खत दिलं की ते आडवं होतं. हे बुटकं ताठ उभं राहतं, खत पचवतं आणि दाणे भरून देतं. पाणी, खत आणि औषध हाताशी असेल तर उत्पन्न खरोखरच डोळे दिपवणारं. त्याच काळात तैवानचं ‘तायचुंग नेटिव्ह-१’ हे दुसरं बुटकं वाण भारतात मोठ्या प्रमाणावर आणायचं ठरलं. रिछारियांचं म्हणणं असं की ही वाणं आपल्या रोगांना आणि किडींना बळी पडतील, बाहेरून आलेलं बी तपासल्याशिवाय शेतात जाता कामा नये, आणि आपल्याकडं भरघोस देणारी देशी वाणं असताना घाई कशाला? तायचुंगवर करपा असा आला की शेतकऱ्यांनी कपाळाला हात लावला. रिछारियांचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याआधीच त्यांना मुदतीपूर्वी निवृत्त करून झालं होतं. ते ओडिशाच्या उच्च न्यायालयात गेले, तीन वर्षं भांडले आणि जिंकले. तोपर्यंत घर विस्कटलं होतं आणि खुर्ची दुसऱ्याला मिळाली होती.

मग मध्य प्रदेश सरकारनं (रायपूर तेव्हा त्याच राज्यात होतं) त्यांना बोलावलं आणि सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला रायपूरला मध्य प्रदेश भात संशोधन संस्था उभी राहिली. ‘संस्था’ हा शब्द मोठा वाटतो. गोव्यातल्या म्हापशाचे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे, वर्षाला वीस हजार रुपये आणि मूठभर मदतनीस, एवढाच तिचा पसारा. साठी ओलांडलेले रिछारिया गावोगाव हिंडू लागले. बस्तर, सरगुजा, धमतरी, बिलासपूर. लोंब्या गोळा करायच्या, शेतकऱ्याला नाव विचारायचं, कुठल्या जमिनीत येतं, किती दिवसांत, चव कशी, वास कसा, बाळंतिणीला चालतं का, सांधेदुखीला कुठलं. पाचसहा वर्षांत त्यांनी जमवलेल्या नमुन्यांचा आकडा १९ हजारांच्या आसपास सांगितला जातो.

आकड्यापेक्षा नावं बघावीत. दुबराज, जीराफूल, जवाफूल, विष्णुभोग, बादशाहभोग, तुलसी मंजरी. लायचा, गठुवन, महाराजी. गुरमटिया, सफरी. ‘लोकटी माछी’ नावाचंही एक सुगंधी धान आहे. ज्या माणसांना नकाशावर आपला जिल्हा दाखवता आला नसता, त्यांनी ही एकेक जात शेकडो पावसाळे निवडून वेगळी राखली. रिछारियांच्या नोंदींप्रमाणे या देशी वाणांतली सुमारे आठ टक्के वाणं हेक्टरी ३,७०० किलोच्या वर उतारा देणारी होती. म्हणजे भरघोस पिकणारं धान मनिलाहून आणायची गरज नव्हती, ते इथंच कोठीत होतं. शोधायला कुणीतरी चालत जायला हवं होतं. माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा हाच होता. हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं.

फिलिपाइन्सच्या संस्थेनं नमुन्यांची देवाणघेवाण मागितली. रिछारियांनी नकार दिला. त्या संस्थेत जमा झालेल्या बियाण्यांचा दुसरा संच अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या सरकारी बीजकोठारात राखीव ठेवला जातो. आज आपण त्याला सुरक्षेची सोय म्हणू. पण ज्या देशानं गव्हाचं जहाज व्हिएतनामवरच्या मताशी बांधलं होतं, त्याच्या तळघरात आपल्या आदिवासींचं बी ठेवायला एखादा माणूस तयार नसेल तर त्याला हेकट म्हणता येत नाही. पुढं काय झालं ते अल्वारिस यांनी २३ मार्च १९८६ च्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये छापलं. जागतिक बँकेच्या चार कोटींच्या योजनेसाठी ही संस्था बंद करण्याची अट घातली गेली, असा त्यांचा आरोप आहे. सत्तरीच्या दशकाच्या मध्याला संस्था बंद झाली, खोल्यांना कुलपं लागली आणि सगळे नमुने कृषी विद्यापीठाच्या ताब्यात गेले. रिछारिया भोपाळला गेले. १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांच्याकडून भात उत्पादनाचा आराखडा मागवला होता. त्यांनी तो दिला. पुढल्या वर्षी इंदिराजी गेल्या आणि कागद फायलीत गेला. १९९६ मध्ये रिछारियाही गेले.

नकार देणारा माणूस एकटा होता, असं इथवर वाटेल. १९ हजार नमुने देणारे हात एकटे नव्हते, आणि हे २००२ मध्ये सिद्ध झालं. छत्तीसगढ राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. नमुने आता रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात होते, संख्या २२ हजारांच्या पुढं गेली होती. त्या नोव्हेंबरात बातमी फुटली की विद्यापीठ सिंजेंटा या कंपनीशी करार करतंय. कंपनीला संग्रह वापरायला मिळेल, ती संकरित वाणं काढेल, विद्यापीठाला रॉयल्टी देईल. सिंजेंटा अमेरिकन नव्हती, तेव्हा ती स्वित्झर्लंडची होती, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. पण बियाणं ही कंपनीची मालमत्ता होऊ शकते आणि जगाच्या व्यापार करारात ती मालकी सगळ्या देशांनी मानली पाहिजे, हा आग्रह सगळ्यात जोरानं कुणी धरला, तर अमेरिकेनं. याच व्यापारी दबावाच्या काळात, १९८९ मध्ये, ‘सुपर ३०१’ या कलमाखाली भारत, ब्राझील आणि जपानला कारवाईच्या यादीत टाकलं गेलं होतं. पुढं १९९० च्या दशकात गॅट आणि जागतिक व्यापार संघटनेतून त्या मालकीला कायद्यात जागा देण्याचं बंधन आपल्यावर आलं.

रायपूरमध्ये लोक रस्त्यावर आले. शेतकरी, कामगार संघटना, स्थानिक पत्रकार, काही शास्त्रज्ञ. माझ्या ओळखीचा एक शिक्षक तेव्हा धमतरीजवळच्या गावात होता. तो सांगतो की गावकऱ्यांना रॉयल्टी म्हणजे काय हे समजावायला वेळ लागला, पण ‘आपण रिछारियाला दिलेलं बिजहा विकतायत’ एवढं वाक्य पुरलं. बिजहा म्हणजे पेरायचं बी. ते विकायचं नसतं, उसनं द्यायचं असतं आणि दिवाळीनंतर सवाई-दिढीनं परत घ्यायचं असतं. डिसेंबर २००२ मध्ये कंपनीनं माघार घेतली. त्याच महिन्यात संसदेत जैवविविधता कायदा पास झाला. बहुराष्ट्रीय कंपनी काही आठवड्यांत मागं हटते, हे एरवी आपण कुठं पाहतो? गुहागरच्या लोकांनी एन्रॉन या अमेरिकन वीज कंपनीशी जवळजवळ दहा वर्षं झुंज दिली. १९९५ मध्ये राज्य सरकारनं करार रद्द केला, त्याच वर्षी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं भारतातली गुंतवणूक धोक्यात येईल असा इशारा दिला होता. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूरच्या कोळी बायांना पोलिसांनी पहाटे घरांतून ओढून नेलं. तिथं सरकार शेवटी कंपनीच्या बाजूनं उभं राहिलं. रायपूरला ते तसं उभं राहू शकलं नाही, याचं कारण मला बियाण्याच्या स्वभावात दिसतं. जमीन ताब्यात घेता येते. बियाणं मात्र ज्याच्या-त्याच्या कोठीत थोडं-थोडं असतं.

हळदीचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, म्हणून धावतं सांगते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट बाद झालं. टेक्सासच्या राइसटेकनं त्याच साली बासमतीवर घेतलेल्या पेटंटचे २० दावे होते, २००१ पर्यंत त्यातले बहुतेक गळाले. गोलबाजारातल्या हळदीच्या ढिगाला हात लावताना मला दरवेळी आठवतं की हिच्यासाठी आम्हाला वॉशिंग्टनमध्ये साक्षीपुरावे द्यावे लागले होते.

मराठी माणसाचा या बाजाराशी संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात ही मंडळी इकडं आली आणि तात्यापारा, ब्राह्मणपारा इथं रुजली. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, पुढं स्वदेशी आणि बहिष्कारावर हिंदीत पुस्तक लिहिलं, तुरुंगात गेले. त्यांचे सोबती वामनराव लाखे यांनी शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून सोडवायला इथं सहकारी बँक उभी केली. बाहेरून येणाऱ्या वस्तूबरोबर बाहेरची सत्ता येते, हे इथल्या मराठी माणसानं शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आणि आजही रायपूरच्या दुकानात चांगला तांदूळ मागितला तर पुष्कळदा समोर एचएमटी येतो. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये निवडलं. दीड एकराचा धनी, शिक्षण तिसरीपर्यंत. शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पेरल्या, वाढवल्या आणि त्या काळच्या घड्याळाचं नाव दिलं. महाराष्ट्रातल्या एका कृषी विद्यापीठानं पुढं ते शुद्ध करून स्वतःच्या नावानं प्रसृत केलं. दादाजी २०१८ मध्ये हलाखीत गेले. म्हणजे बी हिरावून घ्यायला दरवेळी परदेशी माणूसच लागतो असं नाही. हे लिहिताना मला त्रास होतो, पण हे वगळून अमेरिकेकडं बोट दाखवलं तर ते लबाडीचं होईल.

२०२३-२४ च्या हंगामापासून छत्तीसगढचं सरकार शेतकऱ्याचं धान क्विंटलला ३,१०० रुपयांनी, एकरी २१ क्विंटलपर्यंत घेऊ लागलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, घरं पक्की झाली, हे डोळ्यांनी दिसतं. पण तो भाव जाडं धान भरपूर पिकवणाऱ्याचा आहे. दुबराज एकरी तितकं उतरत नाही, मग त्याला जागा कोण देणार? २०१९ मध्ये जीराफूलला आणि २०२३ मध्ये नगरी दुबराजला भौगोलिक मानांकन मिळालं, काही बचत गटांच्या बायांनी ती शेती परत धरली. विद्यापीठाच्या थंड खोल्यांत आज २३ हजारांहून जास्त नमुने आहेत. थंड खोलीत बी जिवंत राहतं. शेतात मात्र ते पाऊस बघतं, कीड बघतं आणि दरवर्षी थोडं बदलतं. रिछारियांचा आग्रह शेवटपर्यंत हाच होता, की बी शेतकऱ्याकडं परत गेलं पाहिजे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं. रशियाचं तेल घेता म्हणून शिक्षा, असं उघड सांगून. त्याआधीच्या महिन्यांतल्या बोलण्यांत तिथला मका, सोयाबीन आणि दूध आपल्या बाजारात येऊ द्यावं ही मागणी होतीच. ७ ऑगस्टला पंतप्रधानांनी दिल्लीत शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं जाहीर केलं. ते ज्या व्यासपीठावर बोलले ते हरित क्रांतीचे शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीचं होतं. साठ वर्षांपूर्वी गहू आणि व्हिएतनाम, आता सोयाबीन आणि रशियाचं तेल. बातमी आली तेव्हा मी आत्याला फोन केला. ऐंशी पार केलेल्या त्या बाईनं पहिला प्रश्न विचारला तो असा: “म्हणजे परत तो लाल गहू येणार का गं?” माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याची मुलं तिथं जन्मली, त्या देशातल्या माणसांवर आमचा जीव आहे. आत्याचा प्रश्न त्या माणसांबद्दल नव्हता. दावं कुणाच्या हातात आहे, हे तिला विचारायचं होतं.

इथं वैशाखात अक्ती असते, आपली अक्षय तृतीया. त्या दिवशी गावातला प्रत्येक शेतकरी घरचं थोडं धान पळसाच्या पानाच्या द्रोणात घालून ग्रामदैवत ठाकुरदेवाजवळ नेतो. सगळ्यांचं धान तिथं एकत्र होतं, गावचा पुजारी, म्हणजे बैगा, ते मंतरतो, आणि मग प्रत्येकाला मूठभर परत मिळतं. आपण नेलेलंच परत येईल असं नाही. शेजाऱ्याचंही मिसळलेलं असतं. ते आपल्या बियाण्यात घालायचं आणि मग पेरणी. हजारो जाती कशा टिकल्या, कशा फिरल्या, कशा एकमेकींत मिसळल्या, याचं उत्तर मला कुठल्याही शोधनिबंधापेक्षा या द्रोणात जास्त सापडतं. या रीतीला कुणी प्रतिकार म्हणत नाही. ती पाळणाऱ्यांना तो शब्द सांगितला तर ते हसतील.

गोलबाजारात त्या दिवशी आत्याचा सौदा शेवटी दोन झालरींवर तुटला. बाईनं पैसे कमरेच्या बटव्यात ठेवले. झालरी माझ्या हातात देण्याआधी तिनं त्यातल्या एकीच्या कडेच्या लोंब्या बोटांनी चाचपल्या, चांगल्या भरलेल्या चार निवडल्या आणि हलकेच ओढून काढल्या. मी पैसे मोजून दिले होते, म्हणून मी बघतच राहिले. तिनं त्या चार लोंब्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या.

“एतका बिजहा बर,” ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळली.